ट्रान्सपोर्टमध्ये रिसर्च करायचाय, चिपळूणहून सुरुवात कुठून करू?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. मी चिपळूणची, गेल्या वर्षी सिव्हिलमधून बीई झाले. घरी रोज एकच विषय, जेईची म्हणजे सरकारी ज्युनिअर इंजिनिअरची परीक्षा दे, पीडब्ल्यूडीत नाहीतर झेडपीत लाग, घरच्या घरी राहशील. ती नोकरी वाईट असं मी म्हणतच नाहीये. पण २२ जुलै २०२१ डोक्यातून जात नाही. वाशिष्ठीचं पाणी शहरात घुसलं, एसटी आगार पाण्याखाली, हायवेवरचा जुना पूल खचला, कोकण रेल्वे थांबली, आणि मदत घेऊन येणाऱ्यांनाही कुठून आत शिरायचं कळेना. तेव्हापासून वाटतं की कुठला एक पूल गेला की किती गावं तुटतात हे कोणीतरी आधीच काढून ठेवायला हवं होतं ना? हाच अभ्यास पुढे करायचा असेल तर कुठे जायचं, ट्रान्सपोर्टेशन, प्लॅनिंग की लॉजिस्टिक्स? स्टायपेंडवर भागतं का? आणि पीएचडी करून नोकरी लागते का की जेईच बरी? खरं खरं सांगा प्लीज.

खाडीपलीकडे
हा पक्का रिसर्चचा विषय आहे, नेटवर्क व्हल्नरेबिलिटी म्हणून यावर जगभर काम चालतं, त्यामुळे हा रिसर्चचा विषय होतो का अशी शंका असेल तर ती मनातून काढून टाक. मी मूळचा गुहागरचा, ट्रान्सपोर्टेशनमध्येच पीएचडी करतोय.

डिपार्टमेंट आधी नको ठरवू, प्रश्न आधी ठरव. पूल बंद झाला तर कुठल्या गावाचा हॉस्पिटलपर्यंतचा वेळ कितीने वाढतो, पर्यायी रस्त्यावर किती गाड्या मावतील, हे काढायचं असेल तर ते ट्रान्सपोर्टेशन इंजिनिअरिंग. त्याला गेटचा, म्हणजे एमटेकच्या प्रवेश परीक्षेचा सिव्हिलचा पेपर, आणि आयआयटी मुंबई, रुरकी, एनआयटी वरंगल, सुरतचं एसव्हीएनआयटी अशा बऱ्याच ठिकाणी एमटेक आहे. आणि बाजारपेठ पूररेषेत का वाढली, आगार कुठे हवं, नवीन वस्ती कुठे होऊ द्यायची हे विचारायचं असेल तर प्लॅनिंग, म्हणजे दिल्लीचं एसपीए, अहमदाबादचं सेप्ट, आपल्याकडे पुण्याचं सीओईपी. सिव्हिलवाल्यांना प्लॅनिंगला घेतात, आर्किटेक्टच लागतो असं काही नाही. दोन्ही एकत्र हवं असेल तर बंगळुरूच्या आयआयएससीतलं सिस्टप हे सेंटर बघ, मुंबई आयआयटीत अर्बन सायन्सचं वेगळं सेंटर आहेच.

आता रोजचं काम कसं असतं ते सांगतो कारण लोकांना वाटतं नुसते नकाशे रंगवायचे. दाभोळ-धोपावे फेरीच्या जेट्टीवर आम्ही सर्व्हे केला होता. हातात फॉर्म, आंब्याचा टेम्पो रांगेत लागला की ड्रायव्हरला विचारायचं, कुठून आलात, कुठे चाललात, फेरी बंद असती तर खेड-चिपळूणवरून वळसा घातला असता की ट्रिपच केली नसती, तिकीट एवढं वाढलं तर काय कराल. फेरी लागायच्या आत हे सगळं संपवायचं, कारण एकदा फळी पडली की कोणी थांबत नाही. मग त्या उत्तरांवरून चॉइस मॉडेल बसवायचं, म्हणजे माणूस वेळ आणि पैसा यांत किती तोलतो त्याचं गणित. हे ज्यांनी उभं केलं त्या मॅकफॅडनना २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्यांनी ते सॅन फ्रान्सिस्कोची बार्ट रेल्वे सुरू होण्याआधी तिला किती प्रवासी मिळतील याच्या अंदाजासाठी वापरलं होतं. आपल्या फेरीला तेच गणित लागतं, फक्त तिथल्या सवयींचे आकडे उचलून चालत नाहीत. कोकणातला माणूस भरती-ओहोटी, शेवटची एसटी आणि लग्नाची तारीख बघून निघतो, ते मॉडेलमध्ये आपल्यालाच घालावं लागतं. हे काम बाहेरचा माणूस करेल पण उशिरा करेल.

देवगडवाला
गो बाय, आमच्या हापूसाकडे पण बघ मगे! मी शिकलेला माणूस नाही, आंब्याचा व्यापार आहे, पण हे मनापासून लिहितो. संध्याकाळी पेटी भरायची, पेंढा घालून, ट्रक रात्री निघाला की सकाळी वाशी मार्केटला पोचायला हवा. हायवेवर एका ठिकाणी चार तास अडकला की भाव गेला आणि माल गरम होतो तो वेगळाच. आणि तोच ट्रक परत येताना बऱ्याचदा अर्धा रिकामा, ते डिझेल कोणाच्या डोक्यावर? बागायतदाराच्याच. कोकण रेल्वेने १९९९ पासून ट्रकच वॅगनवर चढवून न्यायची रोरो चालू केली, कोलाड ते वेर्णा, पण आमच्या छोट्या टेम्पोवाल्याला ती अजून लांबचीच आहे. ती त्याला परवडेल का, कुठे चढवायचं, किती जणांनी मिळून माल भरला तर जमेल, हे आम्हाला कोणी हिशोब करून दिलेलं नाही. तुम्ही शिकलेली मुलं हे करणार असाल तर माझ्याकडे वह्या आहेत, कुठल्या तारखेला किती पेट्या गेल्या, भाडं किती दिलं, सगळं लिहिलेलं आहे.

खाडीपलीकडे
काका, त्या वह्या जपून ठेवा, खरंच. असा डेटा विकत मिळत नाही. रिकामी परत येणारी गाडी हा तर लॉजिस्टिक्समधला मोठा प्रश्न आहे. ताई, तुला हे आवडलं तर आयआयटी मुंबईत आयईओआर म्हणजे ऑपरेशन्स रिसर्चचं डिपार्टमेंट आणि पवईतलंच आयआयएम मुंबई (आधीचं निटी) ही दारं बघ. पण तिकडे गणित जास्त आणि रस्ता कमी. तुझं लिहिणं वाचून तू रस्त्यावरचीच वाटतेस.

सड्यावरची
पैशाचं आणि नोकरीचं मी सांगते, मी शिकवते. एमटेकला गेटवर महिना १२,४०० मिळतात. हॉस्टेलला राहिलं तर भागतं, पण घरी पैसे पाठवायचे असतील तर नाही भागत. पीएचडीला बऱ्याच केंद्रीय संस्थांमध्ये पहिली दोन वर्षं ३७,००० आणि पुढे ४२,०००, त्यात माणूस सन्मानाने राहू शकतो. मात्र घरच्यांना आधीच सांगायला हवं की हे चार-पाच वर्षांचं काम आहे.

नोकरीबद्दल गोड बोलणार नाही. कायमच्या असिस्टंट प्रोफेसरचा मूळ पगार ५७,७०० पासून सुरू होतो, पण अशा जागा निघतात कधी आणि किती ते आपण सगळे बघतोच आहोत. मी स्वतः एका खाजगी कॉलेजात तासिका तत्त्वावर होते, सुट्टीचे पैसे नाहीत, तासाचेही महिनोन्महिने लांबायचे. एमटेकवर इंजिनिअरिंग कॉलेजात लागता येतं म्हणून खूप मुली तिथेच थांबतात आणि मग अडकतात. पीएचडी केली तर आयआयटी-एनआयटीला अर्ज करता येतो, शिवाय दिल्लीचं सीआरआरआय, तिरुवनंतपुरमचं नॅटपॅक या रिसर्चच्याच संस्था आहेत, तिथे शिकवण्याचा भार नाही. कन्सल्टन्सीत ट्रॅफिक स्टडीची कामंही असतात. म्हणून माझं मत, पीएचडी करणार असशील तर एमटेक कर, नाहीतर जेई खरोखरच चांगली. आणि जेई लागून दोन-तीन वर्षांनी एमटेकला जाणारेही असतात, पीडब्ल्यूडीतला माणूस रिसर्चला आला तर त्याला रस्त्याची फाईल कशी हलते ते माहीत असतं, ही छोटी गोष्ट नाही.

वाशिष्ठीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, काका तुमचे विशेष. सड्यावरची ताई, तुमचं वाचून आईला दाखवलं, ती पहिल्यांदा काही न बोलता पूर्ण वाचत होती. एकच विचारते, गेटला वेळ आहे तोवर घरी बसून काय करू? महागडं सॉफ्टवेअर नाही माझ्याकडे.

खाडीपलीकडे
महागडं काही लागत नाही. नकाशाचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस फुकट आहे, ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच बनवलेल्या नकाशावरून चिपळूण तालुक्याचे रस्ते उतरवून घे, पायथॉन जमेल तेवढं शीक, ट्रॅफिक सिम्युलेशनला सुमो आहे, तेही फुकट. एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटीच्या सरांचे ट्रान्सपोर्टेशनचे कोर्स आहेत, त्यातून गेटचा एक भागही होतो. आणि छोटंसंच काम घे: बहादूरशेख नाक्याजवळचा पूल बंद धर आणि प्रत्येक गावापासून कामथ्याच्या हॉस्पिटलचं अंतर आधी किती, नंतर किती, ते काढ. नकाशात खेड्यातले बरेच रस्ते नसतील, तू स्वतः भर, पावसात कुठला कच्चा रस्ता बंद होतो ते तुलाच माहीत. ते तयार झालं की प्रोफेसरांना मेल करताना तोच नकाशा जोड, नुसता बायोडेटा पाठवू नकोस, नकाशा उघडून बघितला जातो. गेटचे फॉर्म साधारण ऑगस्टच्या शेवटी सुरू होतात, परीक्षा फेब्रुवारीत. गणपतीच्या गडबडीत फॉर्म राहून जातो बऱ्याच कोकणी मुलांचा, तो आधी भर.