मांजर माजावर आली की तुम्ही काय करता? इंदूरकरांनो, अनुभव लिहा

धागाकर्ती: आमची चिंगी आठ महिन्यांची. परवापासून रात्रभर ओरडतेय, लोळतेय, पाठीवर हात ठेवला की मागचा भाग उचलून शेपटी बाजूला करते. सासूबाई म्हणतात पोट दुखतंय. सुदामानगरात भिंतीला भिंत लागून घरं, शेजारी विचारून गेले. कसं शांत करता?

रामबागवाली: पोट नाही हो, माजावर आलीय. पाचव्या-सहाव्या महिन्यापासूनही येतात. आठवडाभर चालतं. बोका मिळाला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, कारण मांजरीचं बीज सहसा समागमानंतरच सुटतं. आधी दारं-खिडक्या बघा! आमचीनं गॅलरीच्या जाळीचा कोपरा उचकटला आणि दोन महिन्यांनी चार पिल्लं. गोड होती, तो भाग वेगळा.

बोकोबा: झोपायच्या आधी दोरीमागे दमेपर्यंत पळवायची, मग पोटभर खायला. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवली की आमची तिला चिकटून पडते. तिची शी-शूची माती रोज साफ करा, नाहीतर पडदे गेले. कुरवाळायचं तर डोकं, हनुवटी; कमरेकडे हात नको. ओरडून उपयोग शून्य.
आणि दिवे! दिवस मोठा झाला की मांजरी माजावर येतात. आपण सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात खाऊन बाराला परतणार, वर तासभर ट्यूबलाइट जाळणार. तिला हिवाळा कळणार कसा?

रामबागवाली: हे खरंय. आमच्याकडे डिसेंबरातही गाणं सुरू असतं.

लोकमान्यनगर: माज थांबवायची गोळी मेडिकलमधून आणू नका. आमच्या आधीच्या मांजरीला अशा गोळ्यांनंतर गर्भाशयात पू झाला, जेमतेम वाचली. स्तनात गाठीही होतात म्हणे डॉक्टर. आणि दुखतंय समजून पॅरासिटामॉल तर चुकूनही नाही, मांजरीला ती विषच.

आजी महूच्या: एकदा व्यायला हवी, असं आम्हीही मानायचो. डॉक्टरांनी समजावलं, त्याचा तिला काडीचा फायदा नाही. उलट पहिल्या माजाआधी नसबंदीचं ऑपरेशन केलं तर स्तनाच्या गाठींचा धोका खूप कमी होतो. आता माजात असेल तर बरेच डॉक्टर थांबायला सांगतात, रक्त जास्त जाऊ शकतं. आमच्या मनीचं इथल्या व्हेटरनरी कॉलेजात झालं. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात कॉलर घातली, तर बया दोन दिवस मागे-मागे चालत होती. नातवाच्या जुन्या बनियनला भोकं पाडून घातलं, मग निभावलं.