गल्लीचं नाव छापायची गरज काय?

खानापूरकर: परवा आपल्या भागातल्या एका यूट्यूब चॅनलनं लहान मुलीवरच्या अत्याचाराची बातमी दिली. नाव बदललं, पण गल्ली, इयत्ता, बापाचा धंदा सगळं सांगितलं. बेळगावात गल्ली कळल्यावर घर शोधायला किती वेळ लागतो? मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम २३ नं नाव, फोटो, पत्ता, शाळा, शेजार, घरच्यांची माहिती, सगळ्यालाच बंदी आहे. सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. आणि व्हिडिओखाली लोकांचा पहिला प्रश्न काय, तर आरोपी मराठी की कानडी! पोरगी कशी आहे, हे एकानंही विचारलं नाही. संताप येतो.

निपाणीकर: पटत नाही. झाकून ठेवल्यानं आजवर कुणाचं भलं झालं? पंच बसतात, पैसे ठरतात, पोरीला मावशीकडं धाडतात. सौंदत्तीला पोरी देवीला सोडायची प्रथा १९८२ च्या कायद्यानंतरही चोरून चालूच राहिली. पेपरात आलं म्हणून निदान बोभाटा तरी झाला.

खानापूरकर: बोभाटा पोरींचा झाला. त्यांचे चेहरे छापले. त्यांना मुंबईच्या कुंटणखान्यात नेणारे दलाल कुठल्या फोटोत दिसले?

वडगावची शिक्षिका: मला वेगळीच काळजी वाटते. बातम्यांत कायम अनोळखी ‘नराधम’ असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत वर्षानुवर्षे नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी ओळखीचेच निघतात: शेजारी, नातेवाईक, घरी येणारा-जाणारा. पालक मात्र पोरांना परक्यांचीच भीती घालतात. आणि आरोपी काका असला, तर त्याचं नाव छापलं की पोरगी कोण ते कळलंच.

निपाणीकर: म्हणजे काका मोकळा?

वडगावची शिक्षिका: मोकळा कसा? गुन्हा माहीत असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हाच आहे, पोक्सोचं कलम १९ आणि २१ बघा. मिटवामिटवी करणाऱ्या पंचांवर लिहा की.

निपाणीकर: पंचांची नावं आली की गाव कळतंच, बाई. मग तेही नको म्हणणार?

खानापूरकर: हो, खटला चालू असेपर्यंत तेही नको. कलम ३५ म्हणतं, खटला शक्यतो वर्षात संपवा. तो का रखडला, साक्ष केव्हा झाली, पोरीला भरपाई मिळाली का, हे छापा. त्याला गल्ली लागत नाही.

निपाणीकर: तसलं कोण वाचतंय? गाजावाजा नसला तर पोलीसही हलत नाहीत. माझं मत तेच आहे.