विषय: नदीवरची मासेमारीची सहल – तारीख हवी आहे

नमस्कार मंडळी,
ट्राउट आणि सॅमन धरायला गाइडबरोबर बोटीतून नदी उतरायची, असं बैठकीत ठरलं होतं. आतापर्यंत सात नावं आली आहेत. सर्वांनी सोयीची तारीख कळवावी, म्हणजे मी गाइडशी बोलते.
– सहल समिती

---

ताई, थोडं थांबा. आधी मासा ठरवू, मग तारीख. सॅमन समुद्रातून नदीत चढतात ते ठरावीक आठवड्यांतच, आणि प्रत्येक जातीचा काळ वेगळा. पिंक सॅमनचं आयुष्यच दोन वर्षांचं, त्यामुळे काही नद्यांत ते वर्षाआड भरभरून येतात. तो काळ हुकला तर उत्तम गाइडचाही इलाज चालत नाही.

मला विचाराल तर सॅमनची वीण चालू असताना जावं. नदीत शिरलेला सॅमन जवळजवळ खाणं सोडतो. गळाला लागतो तो बहुधा चिडून. ट्राउट मात्र त्याच्या मागे टपून असतात, कारण वाहून येणारी गाभोळी त्यांना आयती मिळते. म्हणून गाभोळीच्या दाण्याएवढा मणी दोऱ्यात ओवून तळालगत सोडतात. मणी प्रवाहाच्याच वेगाने वाहिला पाहिजे. जरा ओढला गेला की ट्राउट तोंड फिरवतो. यात लांब फेक लागत नाही, त्यामुळे नवख्यांनाही जमतं. पाण्यात उतरलात तर एवढं पाहा: तळाचे खडे कुठे घासल्यासारखे उजळ दिसले, तर तिथे पाय ठेवू नका. खाली अंडी पुरलेली असतात.

आणि ड्रिफ्ट बोटीत, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या छोट्या वल्ह्यांच्या बोटीत, गाइड वल्ह्यांवर बसतो, गळ टाकणारे साधारण दोघंच. सात जण म्हणजे चार बोटी.

---

दादा, पटलं. माझ्या डोळ्यांसमोर एकच मोठी बोट होती! आपल्यात दोन लहान मुलं आहेत, ती दिवसभर बसतील का? आणि परवाने गाइडच काढतो ना?

---

परवाना बहुतेक ठिकाणी ज्याचा त्यानेच काढायचा असतो. सॅमनसाठी कुठे कुठे वेगळी नोंदही लागते, तेव्हा गाइडला नक्की विचारा.

मुलांसाठी अर्ध्या दिवसाचा टप्पा मागा. बोट प्रवाहाबरोबर खालीच जाते आणि गाडी खालच्या उताराच्या जागी नेऊन ठेवलेली असते. कंटाळा आला म्हणून मध्येच परत फिरता येत नाही. त्यांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का, हे आत्ताच विचारून घ्या. नदीचं पाणी थंड असतं, त्यामुळे जॅकेट घालण्यात मी कुणालाच सूट देणार नाही. वेडर (पाण्यात उभं राहण्यासाठीची छातीपर्यंतची जलरोधक विजार) घालणाऱ्यांनी कमरेचा पट्टा घट्ट आवळायचा, म्हणजे पडलं तरी पाणी आत भरभर शिरत नाही.

मासे परत सोडणार असू तर गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकायचा आणि हात ओले करूनच मासा धरायचा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

पहिल्याच फोनवर गाइडला हेही सांगा, की सातांपैकी पाच जणांनी कधी रॉड हातात धरलेला नाही. मग तो संथ पाण्याचा टप्पा निवडेल.