पीएच.डी. प्रवेश: पेट (विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा) द्यावी लागेल का? (मदत हवी आहे)

उष्णप्रवाह
मी यंत्र अभियांत्रिकीत एम.टेक. केले असून एका खासगी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. सहयोगी प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. अनिवार्य असल्याने यंदा प्रवेश घ्यायचाच आहे. गेट (अभियांत्रिकी पदवीधरांची राष्ट्रीय परीक्षा) उत्तीर्ण आहे, मार्गदर्शकही ठरले आहेत. पेटमधून सूट मिळेल का, एवढेच कृपया लवकर सांगावे. अर्जाची मुदत संपत आली आहे.

मुठाकाठ
गेट कोणत्या वर्षीची? तो गुणांक निकालापासून तीनच वर्षे ग्राह्य असतो. एम.टेक.ला किती टक्के? पूर्णवेळ की अर्धवेळ? विद्यापीठात की आयआयटीत? यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) 2022 ची नियमावली विद्यापीठांना लागू आहे. आयआयटी स्वतःचे नियम स्वतः ठरवतात.

उष्णप्रवाह
गेट 2019 ची, 58 टक्के, राज्य विद्यापीठ, अर्धवेळ. सूट मिळेल की नाही?

जुनाजाणता
गेट विसरा, नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) द्या. 2024 पासून नेटच्या गुणांवर पीएच.डी.ला प्रवेश मिळतो. त्यात नेटला 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के भारांक आहे. आमच्या विभागातील सर्वांनी याच मार्गाने जावे, असे मी वारंवार सांगतो.

मुठाकाठ
जुनाजाणता, आपला विभाग संगणकशास्त्राचा असावा. नेटमध्ये यंत्र अभियांत्रिकी हा विषयच नाही, मग यांनी परीक्षा कशाची द्यायची? उष्णप्रवाह, 2019 चा गुणांक केव्हाच बाद झाला असल्यामुळे त्यावर सूट मिळणार नाही, पेट द्या. पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के लागतात, ते आपल्याकडे आहेत. अर्धवेळासाठी महाविद्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र मात्र आताच मागून ठेवा, कारण संशोधनासाठी पुरेसा वेळ देऊ, असे संस्थेने त्यात लिहून द्यावे लागते आणि नेमके तेच वाक्य लिहायला संस्था कां-कूं करतात.

राईनतीर
जर्मनीचा विचार का करत नाही? येथे डॉक्टरेट करणाऱ्या अभियंत्याला बहुधा विद्यापीठाचा नोकरदार म्हणून करार आणि वेतन मिळते.

जुनाजाणता
त्यांना नोकरी सांभाळायची आहे, हे आपण वाचले का? बरे, नेट नको तर एआयसीटीईची (तंत्रशिक्षण परिषदेची) क्यूआयपी ही शिक्षकांच्या गुणवत्तावाढीची योजना पाहा. ती सेवेतील शिक्षकांसाठीच आहे.

उष्णप्रवाह
क्यूआयपीसाठी महाविद्यालय मला कामातून मोकळे सोडणार नाही. पेटची तयारी करतो. मार्गदर्शक पुढच्या वर्षी निवृत्त होत असल्याने मला यंदाच नोंदणी हवी आहे, म्हणून घाई.

मुठाकाठ
ही माहिती सर्वांत आधी द्यायला हवी होती. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या प्राध्यापकांना नवा संशोधक विद्यार्थी घेता येत नाही. आधीच नोंदणी झालेल्यांचे ते निवृत्तीनंतर सहमार्गदर्शक राहू शकतात, तेही वयाच्या सत्तरीपर्यंतच. पण आपली नोंदणी अजून झालेलीच नाही. यूजीसीच्या नियमानुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा आणि सहायकाला चारच विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे त्याच संशोधन केंद्रात दुसऱ्या कोणाकडे जागा रिकामी आहे का, हे अर्ज भरण्यापूर्वी विचारून घ्या.

उष्णप्रवाह
सरांनी स्वतः होकार दिला आहे. तरीही अडचण येईल का?

मुठाकाठ
येईल. त्यांचा होकार विद्यापीठावर बंधनकारक नाही. आपले केंद्र कोणत्या विद्यापीठाचे आहे?