न्यायदृष्टांत, निवाडा, रूलिंग: कोर्टाच्या जुन्या निकालाला म्हणायचं काय?

उंबरठा:
परवा ग्राहक आयोगाचा एक मराठी आदेश वाचनात आला. पानोपानी 'न्यायदृष्टांत'. अमुक पक्षाने दाखल केलेला न्यायदृष्टांत प्रस्तुत प्रकरणी लागू होत नाही, तमुक न्यायदृष्टांताचा आधार घेण्यात येतो, वगैरे. मला दृष्टांत म्हटलं की चक्रधरस्वामींचे आठवतात, नाहीतर देव स्वप्नात येऊन देतो तो. इथे संदर्भावरून 'वरच्या कोर्टाचा जुना निकाल' असा अर्थ दिसतोय. ओळखीचे एक वकील 'रूलिंग' म्हणतात, पेपरवाले 'निवाडा'. बरोबर शब्द कोणता? आणि 'लागू होणं' हे क्रियापद खटकलं. लागू कायदा होतो. एका माणसाच्या भांडणाचा निकाल दुसऱ्याला कसा लागू होईल?

वडाचीसावली:
निवाडा छानच आहे की. जुन्या कागदांत 'निवाडपत्र' सापडतं.

बाररूम:
सापडतं, पण त्याचा अर्थ वेगळा. निवाडपत्र त्या दोन वादींपुरतं: या वतनाचा वाद असा तुटला, पुन्हा कटकट करू नये. उंबरठा यांनी विचारलेली गोष्ट दोघांच्या भांडणातून बाहेर पडून तिसऱ्याला बांधते. कोर्टात आम्ही रूलिंग, सायटेशन, केस लॉ असे तिन्ही शब्द वापरतो. 'साहेब, सुप्रीम कोर्टाचं सायटेशन आहे' म्हणत झेरॉक्स पुढे करायची. लेखी मराठीत न्यायदृष्टांत, न्यायनिवाडा, न्यायनिर्णय, पूर्वनिर्णय असं सगळंच चालतं, आणि एकाच आदेशात चारही आलेले पाहिलेत.

माझी तक्रार 'दृष्टांत'वर आहे. दृष्टांत पटवण्यासाठी देतात. ऐकणाऱ्याला नाही पटला तर तो सोडून देतो. सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक आहे, असं संविधानाचा अनुच्छेद १४१ सांगतो. तिथे शब्द 'कायदा' आहे. तालुक्याच्या न्यायाधीशांना तो पटो न पटो, पाळावाच लागतो.

गोदातीर:
दृष्टांत इतका लेचापेचा शब्द नाही हो. न्यायसूत्रांत त्याची व्याख्याच आहे: 'लौकिकपरीक्षकाणां यस्मिन्नर्थे बुद्धिसाम्यं स दृष्टान्तः'. साधा माणूस आणि जाणकार, दोघांची बुद्धी जिथे एक होते तो दृष्टांत. त्याच्या पायावर पुढचं अनुमान उभं राहतं. (अर्थात तिथला 'न्याय' म्हणजे तर्कशास्त्र. त्याचा कोर्टकचेरीशी संबंध नाही.)

बाररूम:
व्याख्या सुंदर आहे, पण सुप्रीम कोर्टाच्या निकालावर साध्या माणसाचं आणि जाणकाराचं एकमत? राहू द्या.

सातबारा:
मी महसुलात होतो, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. शब्दाचं मला फार कळत नाही, पण उंबरठा यांच्या 'लागू कसा होतो' याचं उत्तर मुलींच्या हिश्शात आहे.

हिंदू वारसा अधिनियमाचं कलम ६ बदललं ९ सप्टेंबर २००५ ला. मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकीच हक्कदार. पण वडील २००५ आधीच वारले असतील तर? कलमात याचं सरळ उत्तर नाही. २०१५ मध्ये 'प्रकाश विरुद्ध फुलवती'त सर्वोच्च न्यायालय म्हणालं, त्या तारखेला बाप आणि लेक दोघंही हयात हवेत. २०१८ च्या 'दनम्मा' प्रकरणात वडील २००१ सालीच गेलेले, तरी तिथे मुलींना समान वाटा दिला. दोन्ही निकाल दोन-दोन न्यायमूर्तींचे, मग ऐकायचं कुणाचं? शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला 'विनीता शर्मा'त तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की हक्क जन्माने मिळतो, तेव्हा वडील हयात असण्याची अट नाही.

आता हिशेब करा. बाप २००३ ला वारला, आई आधीच गेलेली, मागे एक मुलगा, एक मुलगी. फुलवतीप्रमाणे आधी बाप-लेकाची निम्मी-निम्मी कागदावरची वाटणी, मग बापाच्या निम्म्यात मुलीला अर्धं. म्हणजे तिला चार आणे, भावाला बारा. विनीता शर्माप्रमाणे आठ-आठ. पाच वर्षांत कलम ६ चा काना-मात्रा बदलला नाही, पण बहिणीची जमीन दुप्पट झाली. मग कायदा बदलला की नाही?

(वाटणी २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झाली असेल तर ती मोडत नाही. 'आमची तोंडी वाटणी झाली होती' हे मात्र सहसा ऐकलं जात नाही. अपवादाला भक्कम सरकारी कागद लागतो. हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर खाली तेच प्रश्न येतील.)

बाररूम:
सातबारा, तुम्ही शब्दाचंच सांगितलंत की. छापलेला मजकूर तो 'अधिनियम'. तो विधिमंडळ किंवा संसद करते: विधेयक येतं, मंजूर होतं, सही होते, राजपत्रात छापतात. 'कायदा' त्याहून मोठा: अधिनियम, त्याखालचे नियम, अधिसूचना आणि न्यायालयाने लावलेला अर्थ. अनुच्छेद १३ मध्ये तर कायद्याचं बळ असलेली रूढीही कायद्यातच मोजली आहे. आपण बोलताना अधिनियमाला कायदा म्हणतो आणि मग न्यायाधीश कायदा करतात म्हटलं की दचकतो.

रोखठोक:
दचकायलाच हवं. निवडून कोण आलंय? न्यायाधीशांनी अर्थ लावावा, कायदा करू नये. हे सगळं शब्दांचे खेळ करून मागच्या दाराने आत घेणं चाललंय.

कोकणकडा:
रोखठोक, ऑफिसात 'विशाखा समिती' आहे का तुमच्या? विशाखा हे जयपूरच्या संस्थेचं नाव. तिच्या आणि इतरांच्या याचिकेवर १९९७ मध्ये न्या. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. कृपाल यांनी कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबाबत मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, कारण अधिनियमच नव्हता. संसद कायदा करेपर्यंत हाच अनुच्छेद १४१ खालचा कायदा समजा, असं निकालातच लिहिलं. संसदेने केला २०१३ ला. मधली सोळा वर्षं देशातल्या बायकांनी कशाखाली तक्रार करायची होती? आजही अधिनियमातलं 'अंतर्गत समिती' कुणाच्या तोंडी नाही, विशाखाच आहे.

रोखठोक:
विशाखा मान्य. पण हीच सवय लागली तर? डान्सबारचं बघा. आमदारांनी एकमुखाने केलेली बंदी कोर्टाने उडवली.

बाररूम:
उडवली, आणि विधिमंडळ गप्प बसलं का? २००५ ला मुंबई पोलीस अधिनियमात दुरुस्ती. २००६ ला उच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. २०१४ ला पुन्हा दुरुस्ती, तिला २०१५ ला स्थगिती. २०१६ ला स्वतंत्र अधिनियम. २०१९ ला त्यातल्या काही तरतुदी पडल्या, काही टिकल्या. हे मागचं दार नाही, समोरच्या दारावरची ढकलाढकली आहे, आणि दोघंही आत आहेत.

जाता जाता: पेपर याला 'कायदा रद्द केला' म्हणतात. विधिमंडळ आपलाच अधिनियम मागे घेतं ते 'निरसन'. कोर्ट 'घटनाबाह्य ठरवतं'. दोन्हींना 'रद्द' म्हटल्याने कुणी काय केलं तेच कळत नाही.

वडाचीसावली:
आणि 'अध्यादेश'! जानेवारी २०२४ मध्ये वाशीला सरकारने मराठा आरक्षणाच्या आंदोलकांना 'सगेसोयरे'चा कागद दिला, तो सगळीकडे अध्यादेश म्हणून गाजला. तो नियमदुरुस्तीचा मसुदा होता, हरकती मागवणारा. अध्यादेश राज्यपाल काढतात, अधिवेशन नसताना. शासन निर्णयालाही सर्रास अध्यादेश म्हणतात.

उंबरठा:
बरंच कळलं. म्हणजे 'लागू होत नाही' म्हणजे तो निकाल चुकीचा नाही, फक्त त्यातली वस्तुस्थिती वेगळी, असंच ना? आणि सगळा निकाल बांधतो का? पन्नास-साठ पानं असतात.

बाररूम:
बरोबर. आणि बांधतो तो निर्णयाचा गाभा, म्हणजे ज्या कारणाशिवाय तो निकाल लागलाच नसता ते. ओघात न्यायमूर्तींनी मारलेले शेरे बांधत नाहीत. आमच्या धंद्याची निम्मी मारामारी यावरच: माझ्या बाजूचं वाक्य गाभा, तुमच्या बाजूचं ओघातलं.

लिहिताना मी समोरच्या कागदाला 'न्यायनिर्णय' म्हणतो आणि त्याचा पुढे आधार घेतला की 'पूर्वनिर्णय'. न्यायदृष्टांत रूढ झालाय, चूक म्हणणार नाही.

उंबरठा:
शेवटची शंका. नागपूर खंडपीठ म्हणतात आणि दोन न्यायमूर्ती बसले की तेही खंडपीठच. मग नागपूर खंडपीठाचं खंडपीठ?

बाररूम:
तसंच लिहावं लागतं, इलाज नाही. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा ही ठिकाणांची खंडपीठं. प्रत्येक ठिकाणी एकलपीठही बसतं आणि दोघांचं खंडपीठही. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सुरू झालं त्याला लोक सर्किट बेंचच म्हणतात, त्यामुळे तिथे तेवढा घोळ नाही.