नागपूरहून गाडी ट्रकने पाठवायची आहे, तातडीने मदत हवी

मीरा_मनीषनगर (२१ ऑक्टोबर, सकाळी १०:०५)
नमस्कार. कार ट्रकने पाठवायची आहे, ३१ तारखेच्या आत, मग भाड्याचं घर सोडायचंय. दोन दिवस नुसते फोन करतेय. एक जण ११,५०० म्हणतो, एक १६,०००, तिसऱ्याने १९,००० सांगितले. ११,५०० वाल्याला आज संध्याकाळपर्यंत सगळे पैसे आगाऊ हवेत, नाहीतर "ट्रेलरमधली जागा जाईल" म्हणतो. कुणी नागपूरहून गाडी पाठवली आहे का? खात्रीचा माणूस सांगा. नेटवर शोधा असं कृपया सांगू नका, तेच करून थकले आहे.

धरमपेठकर (१०:४०)
ट्रक कशाला? समृद्धी महामार्ग आहे ना. ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून थेट ठाण्याजवळच्या आमण्यापर्यंत सुरू आहे. पहाटे पाचला निघा, रमतगमत गेलात तरी दुपारी पोहोचता. मी गेल्या महिन्यातच मुलाकडे ठाण्याला गेलो. टायरमधली हवा मात्र निघण्याआधी, टायर थंड असताना तपासा. काँक्रीटवर सलग १०० च्या वर पळवली की टायर फार तापतात, आणि जुने टायर असतील तर त्या रस्त्यावर जाऊच नका.

निशिगंध (१०:५२)
काका, तिने मुंबई कुठे म्हटलंय? मीरा, गाडी कुठे पाठवायचीय? कोणती आहे, किती जुनी, चालू आहे की बंद? एवढं कळल्याशिवाय रेट बरोबर की चूक हे कुणालाच सांगता येणार नाही.

मीरा_मनीषनगर (११:१५)
सॉरी, घाईत राहिलं. बंगळुरूला, व्हाइटफील्ड. वॅगनआर, २०१३. उत्तम चालते.

धरमपेठकर (११:३०)
बंगळुरू असलं तरी चालवतच न्या. सगळा एनएच ४४. हिंगणघाट, पांढरकवडा, पिंपळखुटीला हद्द ओलांडली की आदिलाबाद, निर्मल, हैदराबाद. मुक्काम हैदराबादला करा, दुसऱ्या दिवशी कर्नूल, अनंतपूर करत संध्याकाळी घरी.

अजनीकर (११:५०)
बारा वर्षांची वॅगनआर १६ हजार घालून न्यायची, वर कर्नाटकात पुन्हा रोड टॅक्स भरायचा? इथे विका आणि तिकडची पासिंगची सेकंडहँड घ्या. हिशेबात बसतच नाही हे.

मीरा_मनीषनगर (१२:०५)
विकायची नाही. तो विषय नको. आणि मी चालवत नेऊ शकत नाही, सोबत आई आहे, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोनच महिने झालेत. आम्ही विमानाने जाणार. ट्रकबद्दल कुणी सांगेल का?

वाडीवाला (१२:४०)
मीराताई, मी बावीस वर्षं नागपूरजवळच्या वाडीत ट्रान्सपोर्टमध्ये आहे. माझं कार कॅरिअरचं काम नाही, त्यामुळे गिऱ्हाईक शोधायला आलो नाही. पण या धंद्यातली माणसं रोज बघून राहिलो म्हणून लिहितो.

११,५०० वाल्याला एक रुपया पाठवू नका. घाई करणारा माणूस हाच पहिला इशारा. हे लोक मोठ्या कंपनीच्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेतात, पैसे घेतात, गाडी उचलतात, आणि मधेच कुठं तरी फोन करतात की "जीएसटी भरा, परत मिळेल" किंवा "विम्याचे अजून आठ हजार". तोवर गाडी त्यांच्या ताब्यात असते. तुम्ही काय करणार? ऑफिसात स्वतः जाऊन बसा. फोनवर व्यवहार नको. थोडी रक्कम आगाऊ, बाकी गाडी हातात पडल्यावर. आणि बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याची माल घेतल्याची पावती, घेतल्याशिवाय चावी देऊ नका. बिल्टीवर चेसिस नंबर, गाडीची किंमत आणि पोहोचवायचा पत्ता पायजे.

आता तारखेचं. दोन मजली ट्रेलर भरल्याशिवाय निघत नाही. नागपूर मधात पडतं, तिकडून हरियाणा-दिल्लीहून दक्षिणेकडे जाणारे ट्रेलर इथून जातात, त्यात एखादी गाडी इथं उतरली तर तुमची चढते. म्हणून नक्की तारीख कोणी देत असेल तर तो खोटं बोलून राहिला. ३१ ला गाडी इथून उचलली जाईल असं धरा, पोहोचायला त्यापुढं आठ-दहा दिवस. हैदराबादला यार्डात उतरवून दुसऱ्या ट्रेलरवर चढवतात का, हे विचारा. जितक्या वेळा चढ-उतार, तितक्या वेळा ओरखड्याची भीती.

ट्रेलर मनीषनगरच्या गल्लीत येणार नाही. गाडी वाडीला किंवा आउटर रिंग रोडवर आणून द्यावी लागेल, नाहीतर त्यांचा ड्रायव्हर घरून नेईल. ड्रायव्हर नेणार असेल तर किलोमीटरचा फोटो काढून ठेवा.

बुलेटप्रेमी (१३:१०)
मी माझी बुलेट रेल्वेने पाठवली होती, सांगतो. नागपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसला आरसीची झेरॉक्स आणि आधार द्या, टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढा, नाहीतर ते घेतच नाहीत. गोणपाटात बांधून देणारी माणसं तिथेच बाहेर असतात. हेडलाइट आणि टाकीला जास्तीचं गोणपाट लावायला सांगा. पुठ्ठ्यावर नाव आणि दोन्ही स्टेशनं मोठ्या अक्षरात लिहून बांधा. स्वस्त पडतं.

निशिगंध (१३:२२)
ही कार आहे, बुलेटप्रेमी.

मीरा, मी चार वर्षांपूर्वी पुण्याहून इंदूरला गाडी पाठवली तेव्हाची चूक सांगते. ट्रान्झिट विमा घेतला नाही. गाडी खालच्या मजल्यावर होती आणि वरच्या गाडीचं इंजिन ऑइल तीन दिवस माझ्या बॉनेटवर ठिबकत आलं. उन्हात तापून त्याचा तपकिरी डाग पडला, पॉलिशनेही गेला नाही. त्या कंपनीने हात वर केले. विमा घ्याच.

पॉलिसीवाचक (१४:०५)
इथे एक दुरुस्ती. पॅकेज पॉलिसी असेल, म्हणजे फक्त थर्ड पार्टी नसेल, तर रस्त्याने, रेल्वेने, जलमार्गाने किंवा विमानाने गाडी नेताना झालेलं नुकसान पॉलिसीतच धरलेलं असतं. ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागातल्या यादीत, चोरी, पूर, दंगल यांच्यासोबत तेही लिहिलेलं आहे. पॉलिसी उघडून वाचा. ट्रान्सपोर्टवाले हजारो रुपये घेऊन जो "विमा" देतात, तो बऱ्याचदा त्यांच्याच लेटरहेडवरची एक ओळ असते, विमा कंपनीचा कागदच नसतो.

निशिगंध (१४:१८)
आणि क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट जाते, ते? तेलाच्या डागासाठी कोण क्लेम करेल? ट्रान्झिटचा वेगळा खरा विमा असेल तर बोनसला हात लागत नाही.

पॉलिसीवाचक (१४:२५)
मान्य. पण वेगळा घ्यायचा तर विमा कंपनीचं सर्टिफिकेट हातात घ्या, त्यावर गाडीचा नंबर हवा. माझा आक्षेप त्या लेटरहेडच्या विम्याला आहे.

कागदोपत्री (१५:००)
सगळे ट्रक आणि विम्यावर बोलत आहेत. मीराताई, गाडी कुणाच्या नावावर आहे? आरसीवर बँकेचं नाव आहे का? एचएसआरपी नंबर प्लेट बसवली का? २०१३ ची म्हणजे १ एप्रिल २०१९ च्या आधीची, ती लागणारच. चलन बाकी आहेत का?

मीरा_मनीषनगर (१६:३०)
प्लेट बसवली आहे. चलन नाही. आत्ता आरसी बघितली, त्यावर बँकेचं नाव अजून आहे, पण कर्ज २०१८ मध्येच फिटलंय. गाडी बाबांच्या नावावर आहे.

कागदोपत्री (१६:४१)
मग एनओसीच्या, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात नेण्याच्या आरटीओच्या ना हरकत पत्राच्या अर्जावर बाबांची सही घ्या. पाठवायच्या आधीच फॉर्म २८ भरून टाका.

मीरा_मनीषनगर (१६:५५)
बाबा १२ ऑगस्टला गेले.

ते गेल्यापासून गाडी मी रोज पाच मिनिटं सुरू करून ठेवते. त्यांचा चष्मा अजून डॅशबोर्डच्या खणात आहे. म्हणून विकायची नाही.

अजनीकर (१७:०२)
मी विकायचं लिहिलं त्याबद्दल मनापासून क्षमस्व. माहीत नव्हतं.

पॉलिसीवाचक (१७:२०)
मीराताई, वाईट वाटलं. पण आता तारीख फार महत्त्वाची आहे, म्हणून लगेच लिहितो. पॉलिसी ज्यांच्या एकट्याच्या नावावर आहे ते गेले तर पॉलिसी लगेच बंद पडत नाही. निधनापासून तीन महिने, किंवा तिची मुदत त्याआधी संपत असेल तर तोपर्यंत, ती चालू राहते. तुमच्यासाठी १२ नोव्हेंबर. ट्रेलर ३१ ला निघून आठ-दहा दिवस घेणार म्हणजे १० पर्यंत. दोन दिवस इकडेतिकडे झाले तर गाडी विम्याविना रस्त्यावर. उद्याच विमा कंपनीला मृत्यू प्रमाणपत्र आणि मूळ पॉलिसी देऊन वारसाच्या नावावर पॉलिसी बदलण्याचा अर्ज द्या.

कागदोपत्री (१७:४५)
आणि आरटीओ. मालकाच्या निधनानंतर वारसाने तीस दिवसांत कळवायचं असतं, आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ ने गाडी नावावर करायची असते. तीही मुदत १२ नोव्हेंबरलाच संपते. उशीर झाला तर दंड लागतो, गाडी जात नाही, घाबरू नका. पण इथून निघायच्या आधी अर्ज टाका. फॉर्म ३१, मृत्यू प्रमाणपत्र, आरसी, विमा, पीयूसी, इतर वारसांचं ना हरकत शपथपत्र, चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा. बँकेकडून फॉर्म ३५ च्या दोन प्रती आणि ना हरकत पत्र, म्हणजे आरसीवरचं बँकेचं नाव निघेल. कर्ज फिटलं तरी ते आपोआप निघत नाही, हे असंख्य लोकांना माहीत नसतं.

भाऊ-बहीण आहे का? गाडी कुणाच्या नावावर करणार?

मीरा_मनीषनगर (१८:१०)
भाऊ पुण्याला आहे. आईच्या नावावर करायचं ठरलंय. मी उद्याच बंगळुरूच्या पत्त्यावर आईचं आधार अपडेट करायला लावणार होते.

कागदोपत्री (१८:१३)
थांबा! आधारला आत्ता हात लावू नका. नागपूरच्या आरटीओला नागपूरचा पत्ता लागतो. आधी गाडी आईच्या नावावर होऊ द्या, मग एनओसी, मग आधार. हा क्रम चुकला की दर वेळी विमानाने या.

वाडीवाला (१८:४०)
पण साहेब, एनओसी होईपर्यंत ट्रक थांबणार नाही आणि घरमालकही नाही. गाडी ट्रेलरवर चढवायला एनओसी लागत नाही. आरसी, विमा, पीयूसी आणि आधारच्या प्रती पुरतात.

कागदोपत्री (१९:०५)
मी कुठे म्हटलं ट्रक थांबवा? दुसऱ्या राज्यात नवा नंबर घ्यायला गाडी तिथे बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली तरच भाग पडतो. पण फॉर्म ३१ ला आईची सही लागेल, पेन्सिलच्या ठशाला गाडी इथे लागेल. तेवढं ट्रेलरच्या आधी. एनओसीला नंतर वेळ आहे. आणि तिकडे नोंदणी झाली की इथे भरलेल्या एकरकमी करातला उरलेला भाग परत मागता येतो, तो सोडू नका.

वाडीवाला (१९:२०)
मग आपलं एकच आहे. ताई, उद्या सकाळी ठसा काढून घ्या. इंजिनच्या बाजूला चेसिस नंबर कोरलेला असतो, कपड्याने तेल पुसा, पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. दोन-तीन ठसे काढा, एक हमखास पुसट येतो.

आणि फास्टॅग! ट्रेलर नाक्यातून जाताना वर असलेल्या गाडीचा टॅगही वाचला जातो, तुमचे पैसे विनाकारण कटतात. टॅगवर आतून बाहेरून जेवणाच्या डब्याचं फॉइल चिकटवून द्या. टाकीत पाव टाकीच पेट्रोल. डिकीत सामान भरू नका, त्याची जबाबदारी कोणी घेत नाही.

धरमपेठकर (२०:१५)
बेटा, मी उगाच चालवत न्या म्हणत बसलो. मी धरमपेठेतच राहतो, निवृत्त आहे. आरटीओच्या रांगेत किंवा गाडी वाडीला सोडायला कुणी सोबत हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. आईला घेऊन एकटीने धावू नकोस.

मीरा_मनीषनगर (३१ ऑक्टोबर, रात्री ९:३०)
आज गाडी गेली. १६,००० वाल्यांच्या ऑफिसात मी आणि धरमपेठकर काका दोघं गेलो. पाच हजार आगाऊ, बाकी डिलिव्हरीला. फॉर्म ३१ परवा जमा झाला, भावाचं शपथपत्र कुरिअरने आलं. विमा कंपनीकडून आईच्या नावाचा कागद कालच आला. तिसरा ठसा नीट उमटला.

सगळ्या बाजूंचे फोटो काढले. मीटर ६१,४८२. चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. उताराच्या फळ्यांवरून गाडी चढल्यावर त्या माणसाने हँडब्रेक ओढून चाकांना लाकडी गुटके लावले, पट्टे आवळले. वरच्या मजल्यावर जागा मिळाली, म्हणजे तेल ठिबकायची भीती नाही, निशिगंधताई.

निशिगंध (२१:४१)
वरच्या मजल्याला झाडाच्या फांद्या लागतात ग. उतरवताना टप आधी बघ, मगच सही कर.

मीरा_मनीषनगर (९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:५०)
मिळाली. टपावर दोन बारीक रेघा आणि डाव्या आरशाच्या कव्हरवर ओरखडा. ड्रायव्हर "आधी सही करा" म्हणत होता. मी दोन्ही गोष्टी डिलिव्हरीच्या कागदावर लिहिल्या, त्याची सही घेतली आणि मगच बाकीचे पैसे दिले. मीटर ६१,४८९. पत्रा दाबलेला कुठेच नाही. आई खाली येऊन पुढच्या सीटवर बसली. म्हणाली, चष्मा परत खणात ठेव.