पिकअपचा रेडिएटर टाकीच्या जोडाला गळतोय, दुरुस्त करू की नवा टाकू?

केळीगाडी_रावेर
डिझेल पिकअप आहे, केळी भरून चालते. अ‍ॅल्युमिनियम कोअर (मधली नळ्यांची जाळी), प्लास्टिकच्या टाक्या. वरच्या टाकीच्या जोडावर हिरवट-पांढरे डाग वाळलेत, रोज अर्धा लिटर पाणी कमी होतं. कन्नड घाटात काटा लालकडे जातो. एक जण इपॉक्सी लावा म्हणतो, दुसरा हळद टाका म्हणतो.

डिझेल_धुळे
भाऊ, दोन्ही नको. हळदीने गळती बुजते, पण कोअरच्या बारीक नळ्याही बुजतात आणि गाडी आणखी तापते. इपॉक्सी त्या जोडावर टिकत नाही, कारण प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर सारखे फुगत नाहीत.

आधी इंजिन थंड असताना प्रेशर टेस्टर लावा. कॅपवर ०.९ किंवा १.१ असं लिहिलेलं असतं, तेवढाच बार दाब द्या आणि दहा मिनिटं थांबा. सुई उतरली आणि थेंब जोडालाच आला, तर दोष तिथंच. सुई उतरते पण बाहेर कुठंच ओल नाही, तर हेड गॅस्केटचा (इंजिनचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगचा) संशय धरा. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसतंय का बघा. वॉटर पंपाच्या खालच्या छिद्रातून पाणी गळतंय का तेही तपासा.

फोरमन_भुसावळ
फिन्स (नळ्यांमधल्या पातळ पत्र्या) बोटाने चुरतात का ते बघा. चुरत असतील तर सरळ नवा टाका. कोअर धड असेल तर टाकी उघडून रबर गॅस्केट बदला आणि परत क्रिम्प करा, म्हणजे कडेचे धातूचे दात टाकीवर वाकवून दाबा. पण ते दात एकदाच सुखरूप वाकतात, दुसऱ्यांदा उघडले की तुटतात. जुन्या पितळी रेडिएटरसारखं कथिल इथं धरत नाही.

नवा बसवताना खालचे रबर बुश आणि कॅप नवीनच घ्या. १ बारच्या कॅपखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. कॅपची स्प्रिंग ढिली पडली की १०० लाच उकळतं. घाटात नेमकं तेच होतं.

केळीगाडी_रावेर
बोअरचं पाणी चालेल का? होज पाइप तेच ठेवू?

फोरमन_भुसावळ
बोअरचं अजिबात नको, क्षार नळ्यांत बसतो. कॉन्सन्ट्रेट कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. रेडीमिक्स असेल तर त्यात पाणी घालू नका. होज दाबल्यावर तडे दिसले किंवा टोकाला लिबलिबीत लागला तर बदला.

भरताना घाई नको. कॅप उघडी, हीटर फुल गरमवर, इंजिन आयडलवर. वरचा होज गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडला. बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं ओतत राहा, मग कॅप लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीवर पातळी परत बघा, बहुतेक वेळा थोडं घालावं लागतंच.